तिने बाबांचीही चूक छापली

आमच्या अख्ख्या खानदानात पेपरात झळकलेली माणसं दोनच. एक बाबा, ते न सांगण्यासारखं. दुसरी माझी धाकटी बहीण, आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. मी नववीपर्यंत शिकलेला टेम्पोवाला. पण लिहून घ्या, असली पोरगी आमच्या भागात झाली नाही आणि होणार नाही.

आम्ही तिला भुंगा म्हणतो. एकदा प्रश्न सुरू केले की समोरच्याचं डोकं पोखरल्याशिवाय थांबत नाही.

बाबा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होते. भुंगा शाळेत असताना मशीनखाली त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा राहिला, बोटं गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात कोपऱ्यात बातमी आली, कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात. दवाखान्याच्या बाकावर भुंगाने ती वाचली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, हे लिहिणारा आपल्याला भेटला होता?"

"नाही."

"मग त्याला कसं कळलं?"

मी काय सांगणार, कपाळ? तो प्रश्न मात्र तिच्या मनात घर करून बसला. बारावी झाल्यावर म्हणाली, पत्रकार होणार. मामा हसला. "चपला झिजवायचा धंदा तो!" मी म्हटलं, "झिजू देत. चपला मी आणीन."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने प्रेस मशीनवर हात गमावलेल्यांवर लिहायला घेतलं. पाळी सुटताना कारखान्यांच्या गेटवर उभी राहायची. माणसं भडाभडा बोलायची, पण नाव विचारलं की प्रत्येकाला घरची घाई. ज्या पेपरला ती हे देणार होती त्याचा संपादक म्हणाला, "नावानिशी बोलणारा आण, मग छापतो."

हे ती जेवताना सांगत होती. बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "माझं नाव घाल. पण एक लिही. गार्ड मीच काढला होता."

गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडाला बसवलेली जाळी. इतकी वर्षं आम्ही मालकाला शिव्या घालत होतो.

"हे लिहायचं नाही," मी भुंगाला म्हटलं. "मालकाच्या हाती आयतं कोलीत देणार का?"

"मी लपवलं आणि उद्या त्याने सांगितलं, तर बाकीचं कोण खरं मानेल?"

"म्हणून बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार?"

तिचे डोळे भरले होते, पण माझ्याशी भांडली नाही. बाबांकडे वळून म्हणाली, "का काढला, बाबा?"

बाबा म्हणाले, "गार्ड असला की हात सावकाश चालतो, दिवसाचे ठरलेले नग भरत नाहीत. नग कमी पडले की दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत. सगळेच काढायचे, पोरी. खोलायला पाना सुपरवायझरच आणून द्यायचा."

"शेवटचं परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिने लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हं. असंच झालं."

मग म्हणे मालकालाही विचारायचं. मी चिडलो, पण नेलं टेम्पोतून. "तू बाहेरच थांब," ती म्हणाली. "तुझा हात आधी उठतो, तोंड नंतर." मालक म्हणाला, "आम्ही गार्ड दिले होते, कामगारच काढतात." तिने तेही घातलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

छापून आलं त्या सकाळी टेम्पोस्टँडच्या चहावाल्याकडे एकाने मला टोचलंच, "काय रे, बहिणीने बापालाच गुन्हेगार केलं?"

मी म्हटलं, "बाप कबूल करतो, पोरगी छापते. तुझ्या घरात आहे का एवढी छाती?"

कोपऱ्यात कारखान्याच्या कपड्यांतला एक माणूस पेपर परत परत वाचत होता. उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आमच्याकडे पाना अजून सुपरवायझरच देतो. तुझ्या बहिणीला सांग, मी बोलतो. नावानिशी."

त्याचा चहासुद्धा मी संपू दिला नाही. टेम्पोत बसवला आणि तडक घरी आणला. बाबांनी सरकून त्याला पलंगावर जागा दिली. भुंगा समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काका, घाई नाही. सुरुवातीपासून सांगा."