नॉर्वेच्या कार्डावरची मेंढरे

ती घटना विसरलो, असे मी समजत होतो. गेल्या वर्षी मुलीने नॉर्वेला नेले. सकाळी आगगाडीने डोंगर उतरलो, मग बोटीत बसून उंच कड्यांमधल्या अरुंद खाडीतून निघालो. सगळे धबधब्यांचे फोटो काढत होते आणि मी उतारावर चरणारी मेंढरे मोजत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, इथंही हजेरी घेताय का?" तिला काय सांगणार? ही सहल मी फार पूर्वी औरंगाबादेत, पोलीस ठाण्यातल्या टेबलावर एका पत्रात वाचली होती.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. मी औद्योगिक वसाहतीच्या ठाण्याचा प्रमुख. सगळी माणसे बंदोबस्तात आणि माझी चार दिवस झोप नाही. अशात पाचोडकडची एक धनगर बाई ठाण्यात आली. "सायेब, माझं लेकरू कारखान्यात कामाला हाय. शेहर बंद व्हतं त्या दिसापासून, पंधरा दिस झालं, पत्ता नाय त्याचा."

मी कारखान्यात फोन केला. तासाभरात तिथला सुपरवायझर स्वतः हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणे साखरेत घोळलेले. कारखान्यात नॉर्वेहून नवे यंत्र आले होते. ते शिकायला तो स्वतः तिकडे जाऊन आला होता, आणि आता या मुलाला पाठवले आहे, असे त्याने सांगितले. मुलाचे पत्र आणि एक चित्राचे कार्डही पुढे केले. दोन्ही कारखान्याच्या टपालातून आली म्हणे. मी पत्र मोठ्याने वाचले. आगगाडी, बोट, धबधबे, आणि "पाणी इतके निश्चल की त्यात डोंगर उलटा उभा दिसतो."

"मावशी, पोरगा मजेत आहे. निवांत घरी जा," मी म्हणालो. मला ते प्रकरण हातावेगळे करायचे होते, हे कबूल करतो.

बाई कार्ड हातात धरून उभीच राहिली. चित्रात खाडी होती, बोट होती आणि काठच्या गवतावर मेंढरांचा कळप होता.

"ह्ये पत्र माझ्या लेकराचं नाय."

"कशावरून? वाचता येतं तुम्हाला?"

"वाचाया कशाला पायजे? सुट्टीला आलं की आधी कळपाकडं जातं, मंग मला हाक मारतं. लंगडी मेंढी कशी हाय, किती व्याल्या, समदं इचारतं. इथं येवढी मेंढरं दिसली अन् त्यांचं एक अक्षर नाय? आमच्या मेंढरांचंबी नाय?"

सुपरवायझर हसला. मला हसू आले नाही. मी शेतकऱ्याच्या घरचा. वसतिगृहातून घरी लिहिलेल्या माझ्या प्रत्येक पत्रात बैलांची खुशाली विचारलेली असे.

बाईला बाहेर बाकावर बसवले. सुपरवायझरसाठी चहा मागवला आणि म्हटले, "तुमची सहल सांगा की. आम्ही कधी जाणार तिकडं!" गडी खुलला. आगगाडी, बोट, धबधबे, सगळे त्याच क्रमाने. शेवटी म्हणाला, "पाणी इतकं निश्चल साहेब, की त्यात डोंगर उलटा उभा दिसतो."

मी पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवून पत्र त्याच्यापुढे सरकवले. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

पासपोर्ट निघण्याआधी पोलीस चौकशी होते. मुलाचा आणि सुपरवायझरचाही राहण्याचा पत्ता आमच्याच हद्दीतला. हवालदाराने त्या चौकशांची नोंदवही चाळली. "साब, इनका नाम है. लडके का नैच है." ती वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. आधीच उघडायला हवी होती. माझी मलाच लाज वाटली.

"पोरगा जिवंत आहे का?" मी ओरडलो. ते बाहेर ऐकू गेले आणि बाई दारात येऊन उभी राहिली. सुपरवायझर मान वर करीना. ती रडली नाही.

"दादा, मेला आसंल तर तसं सांग. वाट बघाया लावू नगंस."

तेव्हा तो बोलला. बंदच्या दिवशी गेट लावून त्याने आत पाळी चालवली होती. नवे यंत्र न शिकलेल्या पोराला त्यावर उभे केले आणि त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. उस्मानपुऱ्यातल्या एका लहान दवाखान्यात त्याला खोट्या नावाने ठेवले होते. पोराला लिहिता येण्यासारखे नव्हते, म्हणून सुपरवायझरने आपलीच सहल त्याच्या नावावर लिहिली आणि तिकडून आणलेले कार्ड सोबत जोडले.

बाईला घेऊन जीपमधून दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. पोरगा तापाने फणफणला होता. उजवा हात कोपरापासून नव्हता. आई पलंगाशी गेली. त्याने डोळे उघडले, तिला ओळखले, आणि कोरड्या ओठांनी विचारले, "आये, मेंढरं कुणापाशी टाकून आलीस?"

मी व्हरांड्यात जाऊन तोंड फिरवून उभा राहिलो.

पोरगा वाचला. सुपरवायझरवर खटला झाला. त्यानंतर हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी सांगत आलो की हरवलेल्या माणसाची उंची, रंग, अंगावरची खूण लिहून घ्या. पण त्याचा जीव कशात आहे, हेही त्याच्या आईला विचारा. आमच्या छापील नमुन्यात तो रकाना नव्हता. मी तो पेनाने आखून घेत असे.