आत्याची कळशी

अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला, असं काल वायरमन सांगून गेला. मी बादली ओतली, तापल्या मातीचा वास आला आणि आत्या आठवली.

लढाईचे दिवस होते. आमच्या तीन बैलबंड्या सोनाळ्याहून शेगावला निघाल्या होत्या. आत्याचा एकुलता मुलगा फौजेत, ब्रह्मदेशात. म्हणून बाबांनी बॅटरीचा रेडिओ बंडीत घेतला होता. दुपारी निंबाखाली बैल सोडले. बाबांनी एक तार फांदीवर टाकली, दुसरी लोखंडी खुंटीला गुंडाळून खुंटी जमिनीत ठोकली. तरी नुसती खरखर.

"जमीन कोरडी हाये. वल पाह्यजे," बाबा म्हणाले.

आत्यानं प्यायच्या पाण्याची कळशी खुंटीवर उपडी केली. शेगाव अजून लांब होतं. आणि आवाज एकदम स्वच्छ आला: "ब्रह्मदेशात आपल्या फौजेची मोठी..."

पुढचा शब्द यायच्या आत बाबांनी पायानं खुंटीची तार उपसली. पुन्हा खरखर.

ते फक्त मी पाहिलं. तेव्हा मला बाबांचा राग आला होता; आता त्यांच्या पायाचा कापरा अंगठा तेवढा दिसतो.

आत्या ओल्या मातीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "दादा, माह्यं पानी कमी पडलं काय?"