तोफ थंडावली तेव्हा

इस्त्रीच्या दुकानात तिला सगळे तोफच म्हणत, तेही तोंडावर. गिऱ्हाईक असो की सासरे, ती कुणाचं ऐकून घेत नसे. म्हणून ती गप्प झाली तेव्हा घरादाराला हायसं वाटलं. नवरा म्हणाला, "चला, वयानं शहाणपण आलं."

शहाणपण कसलं? पहाटे अंधारातच तिचे डोळे टक्क उघडत. घास घशाखाली उतरेना. समोर शर्ट पसरलेला असे आणि सुरुवात कॉलरपासून करायची की बाहीपासून, हेच सुचत नसे. एकदाची सुटले तर बरं, असंही मनात येऊन जाई. ते ती कुणाला बोलली नाही.

धाकटी जाऊ ही तिची जुनी वैरीण. दोघी एकाच टेबलावर काम करत आणि रोज कशावरून तरी त्यांचं वाजेच. एका दुपारी जावेनं तिच्या घड्यांवर मुद्दाम पाणी सांडलं. तोफेनं मुकाट्यानं कपडे उचलले आणि वाळत घातले.

जावेनं इस्त्री बंद केली. "ताई, मला चार शब्द सुनावा."

"जाऊ दे गं."

"हे तुमचं 'जाऊ दे' कधीपासून ऐकतेय मी. तुम्हाला बरं नाहीये. मरावंसं वाटतं का?"

इतकं सरळ तिला कुणी विचारलं नव्हतं. ती हो म्हणाली. जावेनं शटर ओढलं. दोघी तशाच मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या.

घरी गहजब झाला. सासरे म्हणाले, "मन रमव कामात. डॉक्टर कशाला?" नवऱ्यानं आवाज खाली आणला, "कुणी विचारलं तर पाठ दुखते म्हणू."

बोलायचं त्राण नव्हतं, तरी ती उठून बसली. "माझी पाठ ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवडे असं राहिलं तरी यायचं, आणि मरणाचा विचार आला तर त्याच दिवशी. मी इतके महिने कुढत काढले आणि तुम्ही खूश होतात. गोळ्या मी इथेच घेणार, सगळ्यांदेखत."

सुरुवातीला नुसती तोंडाला कोरड पडे, फरक काही दिसेना. ती वैतागली, जावेवर खेकसली, पण गोळी चुकवली नाही. मग हळूहळू झोप लागू लागली.

पडदे न्यायला आलेली एक बाई कुजबुजली, "तुम्ही म्हणे त्या डॉक्टरकडे जाता?"

"जाते ना. पत्ता हवाय?" तिनं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं.

बाई पडदे घेऊन सटकली. तिच्यामागे उभा असलेला माणूस पुढे झाला आणि म्हणाला, "मला द्या."