बुडाने गाडी तपासणारा

खालापूरजवळचा आमचा मेकॅनिक गाडीचा आजार बुडाने ओळखतो. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या माझ्या जुन्या व्हॅनचं इंजिन सीटखाली आहे. ती तापायला लागली तेव्हा तो शेजारी बसला आणि त्याने मला गाडी चढावर न्यायला लावली. थोड्याच वेळात म्हणाला, "थांबवा. माझा पापड झाला."

मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो, तर त्याने हातावर फटका मारला. "थोबाड भाजायचं हाय का?"

इंजिन गार झाल्यावर कळलं, पाण्याचा पंप गळत होता.

"शाळेची पोरं तेवढी सोडून येतो," मी म्हटलं.

त्याने किल्ली खिशात टाकली, स्वतःची रिक्षा काढली आणि दोन खेपांत सगळी पोरं घरी पोचवली. परत येऊन म्हणाला, "डोकं खाल्लं रं पोरांनी. यांना रोज सांभाळता, मग इंजिनाकडं बघायला काय होतं तुमाला?"