पात्यावरची सुटलेली पट्टी

त्या वर्षांत शहरात दोनच विषय असायचे. वाळूजला उभे राहणारे कारखाने आणि विद्यापीठाचं नामांतर. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कारखान्यांवर सगळे बोलत. नामांतराचा विषय चालू असताना मी आत गेले की गप्प होत. आम्ही बौद्ध. वडील मोर्चाला गेले की ते परत येईपर्यंत आईचा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि माझाही.

कॉलेजात शिकवता शिकवता मी हेलिकॉप्टरच्या पात्यावर संशोधन करत होते. हातभर लांबीचं नमुन्याचं पातं, त्यावर चिकटवलेल्या सिरॅमिकच्या पातळ पट्ट्या. वीज दिली की त्या किंचित ताणल्या जात किंवा आखडत. त्यामुळं पात्याची थरथर कमी होईल, अशी आमची आशा होती.

बाहेरगावची समिती काम पाहायला आली त्या सकाळी पातं जाळीच्या आत फिरत होतं. वेग वाढला तसा मला बारीक आवाज आला, नखानं कागद खरवडावा तसा. शेजारी आमचे मेकॅनिक काका उभे होते.

"काका, आवाज ऐकला का?"

"मला तर काय नाय आला, मॅडम."

थांबवलं आणि काहीच निघालं नाही तर? 'कोट्यातून आली, हिला काय जमणार' हे मी माझ्या पाठीमागं ऐकलं होतं. आणि नाही थांबवलं तर? जाळीला अगदी खेटून समितीची तीन माणसं उभी होती.

मी बटण बंद केलं.

माझे मार्गदर्शक सर जवळ आले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खात्री आहे?"

"नाही, सर. भीती वाटली."

पातं थांबलं. काकांनी जाळी उघडली आणि पातं चाचपून पाहिलं.

"व्हय मॅडम, टोकाची पट्टी अर्धी सुटलीय."

समितीला पुढचं काही दाखवता आलं नाही. ते जेवून परत गेले. सर रागावले नाहीत, पण दोन दिवस माझ्याशी फारसं बोललेही नाहीत. मग चिकटवायचा पदार्थ बदलून आम्ही पुन्हा सुरुवात केली. कित्येक महिन्यांनी थरथर कमी झाली, हवी होती तितकी नाही. अहवालात त्या सकाळची हकिकत सरांनी स्वतः लिहिली, मशीन कुणी थांबवलं तेही.

पुढंही प्रत्येक चाचणीला मला भीती वाटायची. मात्र बटण माझ्याच हाताशी असायचं, आणि मी ते दाबलं तर खात्री आहे का, असं कुणी विचारत नसे.