भोईरताईंची शिट्टी

भोईरताई शिट्टी फुंकायच्या आणि आमच्या ऑफिसातली दहा माणसं एकाच क्षणी एन्टर दाबायची. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनायचं. खाली दातांचा दवाखाना. तिथला पेशंट दचकला की डॉक्टर तणतणत वर यायचे. ताई आता निवृत्त झाल्यात, आणि ते डॉक्टर सोडून आम्हां सगळ्यांना फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

ताई बाळकुमच्या, आमच्या टेस्टर. दहा जणांनी एकदम वापरला तरी प्रोग्राम चुकत नाही ना, हे त्या शिट्टी मारून तपासायच्या. शिट्टी त्यांच्या भावाची. टेंभी नाक्यावर हंडीचे थर लावताना तो ती वाजवायचा. चाचणीला आम्ही 'अबक' वगैरे पेशंट भरायचो, ताई मात्र सख्ख्या नात्यातले. "काशीआत्या, शुगर एकशेदहा. परक्याचा रिपोर्ट कोन नीट बघतंय, बाला?"

मी तेव्हा नवा, नोकरी पक्की व्हायची होती. सोमवारी प्रोग्राम लॅबला देतो, असं सरांना छातीठोकपणे सांगून बसलेलो. शुक्रवारी ताईंनी शिट्टी मारली. नऊ रिपोर्ट बरोबर. दहाव्यात काशीआत्या गरोदर. वय त्र्याऐंशी.

सगळे खो खो हसले, ताई सोडून. चूक माझीच होती. प्रत्येकाचे निष्कर्ष छपाईआधी क्षणभर तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतात. मी सगळ्यांना मिळून एकच फाइल दिलेली. दोघांनी एकदम लिहिलं की याचं त्याच्या नावावर.

"धा जनांना एकच ताट वाढलंस?" ताई म्हणाल्या.

"अहो ताई, शंभरात एखादा चुकतो! सोमवारी देऊ, मग सुधारतो ना."

"मना नाय पटत. तो एखादा कोन? नाव सांग."

मी 'अबक' टाइप करायला लागलो.

"बरं, तुझ्या आईचं नाव भर."

डोकं फिरलेलं, पण भरलं. शिट्टीमागून शिट्टी. खालचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. शेवटी एकदाचा कागद बाहेर आला: वर आईचं नाव, खाली 'दोन्ही मूत्रपिंडं निकामी'. ते वाक्य दुसऱ्या पेशंटसाठी मीच टाइप केलेलं, सगळं खोटं. तरी मी वरचं नाव दोनदा वाचलं. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

कागद घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, सोमवारी नाही देता येणार. रिपोर्ट चुकतात."

"किती?"

"शंभरात एखादा."

"एकच ना रे? मग अडलंय कुठे?"

"ती माझी आई आहे, सर."