मिटलेली वही

माझी चूक आधी सांगते, बाळांनो. केडगावच्या आपल्या घरात वरच्या खोलीत कोल्हारची एक मुलगी राहते. बी.एस्सी.ला आहे. मी तिला माझीच शिस्त लावली होती: वर्गात सरांचा शब्दन् शब्द उतरवायचा, संध्याकाळी दोन रंगांच्या शाईत सुवाच्य नकलायचा. इंग्रजी शाळेत मी तशीच पहिली यायचे. तिच्या वह्या सुरेख झाल्या आणि पहिल्या सत्रात बॉटनी राहिली.

“आजी, परत राहिली तर मी सायन्स सोडनार,” ती म्हणाली. मला मान वर करवेना.

दुसऱ्या सत्रात ती कॉलेजातून आली की जिन्यात बसू लागली. वही मिटून मांडीवर, फोन आईला. आई कांद्याच्या खुरपणीवर असायची. तिचा मोबाईल बांधावर, स्पीकर दोन्हीकडे चालू. त्या दिवशी वर्गात जे झालं ते मुलगी मराठीत सांगायची, वही न उघडता. अडलं की थांबायची, आठवायची, पुन्हा सुरू. शेजारच्या वाफ्यातल्या बायकाही ऐकायच्या.

एकदा एकीनं टोमणा मारला, “ए शास्त्रीनबाई, ऊस एवढा उंच, शेंड्याला पानी कोन नेतं? आत मोटार बसवलीय व्हय?”

“मावशे, पानातनं वाफ जाते. त्या ओढीनं पानी वर चढतं.”

“अन् रातच्याला? ऊन न्हाई, वाफ न्हाई, तवा कोन ओढतं?” हे आईनं विचारलं.

मुलीनं वही उघडून एवढा एकच प्रश्न लिहिला. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो सरांना विचारला आणि उत्तर आणलं: रात्री मुळं खालून थोडं पाणी वर रेटतात, जास्त झालेलं पानाच्या टोकातून बाहेर येतं.

संध्याकाळी जिन्यात बसून तिनं ते आईला फोनवर सांगितलं.

“म्हंजी सकाळी पातीच्या टोकाला थेंब असतो,” आई सावकाश म्हणाली, “त्यो समदा दहिवर न्हवं?”

“न्हाई आये. त्यातलं काही रोपानंच सोडलेलं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात गुडघे टेकले. गवताच्या प्रत्येक पात्याच्या टोकाला एकेक थेंब, ओळीनं. इतकी वर्षं मी त्यावरून चालत होते. बॉटनी मलाही होती. पानाच्या टोकातून पाणी बाहेर येण्याची व्याख्या आजही तोंडपाठ आहे. पण ती व्याख्या या थेंबाची आहे, हे मला कधी कळलंच नव्हतं.

काल निकाल लागला. बॉटनी सुटली, तीही चांगल्या गुणांनी. तिनं जिन्यातूनच ओरडून आईला सांगितलं.

“लई ब्येस,” आई म्हणाली. “आता परवाचं सांग. त्या बुरशीचं अर्धंच ठिवलंस.”

मी खालच्या पायरीवर बसले. मलाही ते ऐकायचं होतं.